तळव्यातून शिरलेले जंत

पिंप्राळ्यातले आमचे डॉक्टर रागावले की त्यांचा आवाज उलट खाली येतो. परवा मी तिथं बसलो असताना पारोळ्याकडचा एक शेतकरी बायकोला घेऊन आला. "ही बठ्ठा दिन झोपस, आळशी शे," तो म्हणाला; बायको दिवसभर झोपते, ही त्याची तक्रार.

डॉक्टरांनी तिचा रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि अगदी हळू बोलले, "हिच्या आतड्यात जंत रक्त पितायत. त्यांना हुसकायला शरीरानं पांढऱ्या पेशींची फौज उभी केलीय. एवढी झुंजतेय, आणि तुम्ही आळशी म्हणता? शेतात अनवाणी असते ना?"

"हो."

"तळव्यातूनच शिरतात ते. गोळ्या देतो. तुमचे बूट काढा."

त्यानं काढले. बाई संकोचली. डॉक्टरांनी स्वतः वाकून तिच्या पायात ते चढवले, नाड्या बांधल्या.