वरून ओतलेलं पाणी

काकूंनी जग उंच धरला आणि वरून पाणी ओतलं. हात लांब, अंग मागे. पायरीखाली उभ्या असलेल्या बाईच्या कॅनमध्ये अर्धं गेलं, अर्धं तिच्या बुटांवर. तिला वाटलं असावं, चुकून सांडलं. उलट तीच "सॉरी" म्हणाली.

मला माहीत होतं, ते चुकून नव्हतं. माझ्या आजीने आयुष्यभर असंच पाणी ओंजळीत घेतलं. आणि इथे लंडनच्या ईलिंगमध्ये, हीटिंग लावलेल्या किचनमध्ये, तेच अंतर.

मग काकू माझ्याकडे वळल्या. गोड आवाजात म्हणाल्या, "उरलेलं तू दे गं. तुमच्यात चालतं ना."

दोघी-तिघी हसल्या.

काकू म्हणजे आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींची बायको. मी पुण्याहून आल्यावर पहिल्याच भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारून घेतलं होतं. तेव्हापासून हॉलवर हळदीकुंकू असलं की मला प्लेट्स पुसायला. तिळाचे लाडू वळायला कधीच नाही. शाळेत इंग्लिशमध्ये वादविवाद जिंकलेली मी, प्लेट्स पुसत असे.

मी कॅन आत आणला, नळाखाली धरला, काठोकाठ भरला. मागून आवाज आला, सिंक घासून घ्या.

ती बाई ट्रॅव्हलर होती, इथल्या भटक्या जमातीतली, चाकांवरच्या घरात राहणारी. हॉलच्या कार पार्कमध्ये त्यांच्या दोन कॅरव्हॅन आदल्या दिवशी येऊन थांबल्या होत्या. मुलगी समोरच्या हॉस्पिटलात आहे, सोमवारपर्यंत राहू द्या, एवढंच तिचं म्हणणं.

सेक्रेटरीकाकांनी पोलीस बोलावले. नवा कायदा आलाय, लगेच हाकलता येतं म्हणाले. पण त्यासाठी सहा वाहनं लागत, नाहीतर त्यांनी नासधूस किंवा शिवीगाळ तरी केलेली हवी. ह्यांच्या कॅरव्हॅन ओढणाऱ्या दोन व्हॅन धरून चारच. काकांनी मला बाजूला घेतलं.

"तुझं इंग्लिश छान आहे. सांग, तिने काकूंचा अपमान केला. एकच वाक्य."

एका वाक्यात ती बाई संध्याकाळपर्यंत रस्त्यावर. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना उपयोगाची वाटले.

पोलिसाने विचारलं, कोणी अपमानास्पद बोललं का? सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "पण ती नाही. ह्या बोलल्या. मला."

आणि बोट दाखवलं. काकूंकडे.

पोलिसाने वही मिटली. मग हाकलायचं तर कोर्टात जा, काकांना म्हणाला. कोर्ट सोमवारपर्यंत बंद होतं.

बाहेर काका दबक्या आवाजात म्हणाले, "परक्यांसमोर आपल्या माणसांची लाज काढलीस."

"तुमच्या माणसांची," मी म्हणाले.

मंडळ मी सोडलं नाही. त्यांना तेच हवं होतं. दर हळदीकुंकवाला जाते. कोणी विचारायच्या आत आडनाव सांगते, पूर्ण, मोठ्याने. मग सरळ किचनमध्ये जाऊन परातीसमोर बसते आणि लाडू वळते. ज्यांना माझ्या हातचे चालत नाहीत, त्यांनी तसंच घरी जावं.