बारशात बाळंतिणीचं गाणं

मैत्रिणींनो, आत्ताच अकोल्यात शेजारच्या प्रियाच्या मुलीच्या बारशाहून आले.

आम्ही बायका पाळण्याभोवती गात होतो. प्रिया मागे एकटीच भिंतीकडे बघत बसलेली. मी तर बाळाचं नाक कोणावर गेलं यावरून वाद घालत होते.

तेवढ्यात गल्लीतल्या शमीमखाला तिच्याजवळ जाऊन बसल्या. "समद्या पोरीले पाहून राहिल्या, हिले कोनी विचारलं? आमच्यात जच्चासाठी गातात, बाळंतिणीसाठी. इंग्रजाच्या राज्यात, सीपी-बेरारच्या जमान्यात माही अम्मी गाये."

खालांनी अम्मीचं ते गाणं धरलं आणि त्यात प्रियाचं नाव घातलं. आम्ही टाळ्यांचा ठेका धरला. प्रिया आधी रडली, मग हळूच आमच्यासोबत गाऊ लागली.

मला पाळणे पुष्कळ येतात. पण "कशी आहेस गं?" हे भिंतीला भिंत लागून असूनही बारा दिवसांत मला सुचलं नाही. तुम्ही विचारलंत कुणाला?