संयोगितावहिनींचं यान

संयोगितावहिनी रडल्या नाहीत, हा आमच्या गल्लीला वर्षभर पुरलेला विषय. नवरा गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत. लेक पुण्याहून धावत आली आणि गळ्यात पडली तेव्हाही नाहीत. बाराव्याला आलेल्या बायकांनी सूर लावला, तर ह्या उठून चहाचं आधण ठेवायला गेल्या. समोरच्या झुंबरबाई म्हणायच्या, असं आत साठलेलं बरं नव्हं. मला झुंबरबाईंचा राग यायचा. दुसऱ्याच्या डोळ्यांवर पहारा करायला ह्यांना नेमलंय कुणी? पण खरं सांगायचं तर वाट मीही बघत होतो.

मी गणपतराव. कसबा बावड्यात त्यांच्यापासून चौथं घर माझं. वहिनींचा नवरा विजयसिंह आणि मी साखर कारखान्यात एकाच वर्षी लागलो, तो लेथवर, मी वजनकाट्यावर. वहिनी घरी ब्लाऊज शिवतात. विजयसिंहाला ना पत्त्यांचा नाद, ना तालमीचा. ह्याचा नाद एकच, प्लास्टिकच्या सुट्या भागांची खोकी आणायची आणि त्यातून विमानं, जहाजं, रणगाडे जोडत बसायचं. पहिलं खोकं शाहूपुरीतल्या एका दुकानातून लेकीसाठी आणलं होतं. तेजस्वीनं त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि बाप मात्र पुढची सव्वीस वर्षं त्यात अडकला. घरात छताला दोऱ्यांनी विमानं टांगलेली. वहिनी महिन्यातून एकदा कुंच्यानं त्यांची धूळ झाडायच्या आणि झाडता झाडता नवऱ्याचा उद्धार करायच्या. बाकी त्या पसाऱ्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

गेल्या फेब्रुवारीत विजयसिंह सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही. त्रेसष्ट वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. भडंग, खीर, चहाचा कप, तंबाखूची पुडी, त्याला आवडायचं ते सगळं पानावर मांडलं आणि आम्ही हात जोडून लांब उभे राहिलो. कावळे होते, वरच्या लिंबावर पाच-सहा बसले होते. खाली एक उतरेना. त्याच्या थोरल्या भावानं शब्द दिला, तेजस्वीचं लग्न मी उभं राहून लावतो. कावळा हलला नाही. मेव्हणा म्हणाला, वहिनींना काही कमी पडू देत नाही. काही नाही. कुणी देवीला जाऊन यायचं बोललं, कुणी शेताची वाटणी नीट करायचं बोललं. तास गेला. ऊन चढलं, माणसं मनगटावरची घड्याळं बघायला लागली. माझ्या घरी साडेदहाला गॅसचा सिलिंडर यायचा होता आणि घराला कुलूप होतं. मी पुढं झालो आणि तोंडाला आलं ते बोललो.

“विज्या, तुझं अर्धं राहिलेलं विमान पुरं करतो. ये आता.”

आणि कावळा उतरला. सरळ भडंगावर. सगळ्यांनी सुटलो म्हणून श्वास सोडला, माझ्या पाठीवर थापा पडल्या, मित्रालाच मित्राचं कळतं म्हणाले. बायकांच्या घोळक्यात वहिनी उभ्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं होतं.

आता ह्यातली गोम सांगतो, कारण ती मला एकट्यालाच माहीत होती. विजयसिंहाला ते विमान पुरं करायचंच नव्हतं. जायच्या महिनाभर आधी त्यानं मला बोलावून दाखवलं होतं. दोन इंजिनांचं मोठं मालवाहू विमान, पंखांचे भाग तेवढे जोडून झालेले, बाकीचे अजून प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचे राहिलेले. चिमट्यात बारीक चाक धरलं की ते थरथरून खाली पडायचं. दिवाळीपासून उजवा हात कापतोय म्हणाला. “झालं गणपा. हात ऐकत न्हाईत. ह्ये आता कायमचं मिटलं.” त्यानं खोक्याचं झाकण लावलं आणि वर मला बजावलं, हिला सांगू नको, उद्या दवाखान्यात नेऊन बसवंल. मी सांगितलं नाही. मैत्री म्हणजे तोंड मिटून बसणं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

तर असा तो शब्द होता, फुकाचा. वर्षश्राद्धापर्यंत सगळे विसरतील असा माझा हिशेब होता.

मे महिन्यात एका दुपारी मी आंबे घेऊन वहिनींकडे गेलो. शिलाई मशीन भिंतीला सारलेलं. जमिनीवर पेपर अंथरून वहिनी बसलेल्या आणि त्यांच्यापुढं प्लास्टिकच्या तुकड्यांचे ढीग. विजयसिंह एक खोकं जोडून झालं की उरलेले भाग चिवड्याच्या मोठ्या डब्यात टाकायचा. एकेका खोक्यात दोन प्रकारच्या विमानांचे भाग असतात, एक प्रकार केला की दुसऱ्याचे उरतात. सव्वीस वर्षांचे तीन डबे भरले होते. वहिनींनी ते ओतून बटणं निवडावीत तसे निवडले होते. चाकं एकीकडे, पंखे एकीकडे, तोफा, नांगर, शिड्या, काचेच्या टोप्या, इवल्या इवल्या खुर्च्या.

मी म्हटलं, हे कशाला? विमानाचं खोकं कुठं आहे?

वहिनींनी मान वर केली नाही. सपाट आवाजात, बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. आमच्याकडे बाराव्याच्या आत गेलेल्याचे कपडे आणि अंथरूण देऊन टाकतात. कपाटात आहेराच्या शर्टपीसची खोकी एकावर एक रचलेली होती, लग्नाकार्यात आलेली, न शिवलेली. परगावचा एक गरजू माणूस दारात आला, तर त्यांनी चादरीत गुंडाळून ती चळत तशीच त्याच्या हातात दिली. विजयसिंह मात्र रिकाम्या झालेल्या शर्टपीसच्या खोक्यांत आपले सुटे भाग ठेवायचा, कारण ती चपटी असतात आणि झाकण घट्ट बसतं. ते विमान त्यातल्याच एका खोक्यात होतं. आठवड्यानं लक्षात आलं. माणूस कुठला, कुणाला ठाऊक नव्हतं.

“कावळ्याला शब्द दिला आनि म्या आठ दिसात विमान देऊन टाकलं,” वहिनी म्हणाल्या. “तेजस्वीला सांगितलं न्हाय. तुमाला सांगतोय, कारण शब्द तुमचा हाय.”

त्याच वेळी मी बोलायला पाहिजे होतं. वहिनी, त्यानंच ते सोडलं होतं, एवढं एक वाक्य. पण मग हाताचं सांगावं लागलं असतं, आणि सिलिंडरचंही. मी आंबे कुठं ठेवू विचारलं. ह्याला भित्रेपणा म्हणतात, दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

मग मी म्हटलं, ह्या तुकड्यांतून ते विमान कसं होणार? त्या म्हणाल्या, होणार नाहीच. महिनाभर जुळवून बघितलं होतं त्यांनी. “विमान केलं तर कुनीबी म्हनंल, पंख चुकला. अवकाशयान कुनी बघितलंय हितं?”

तिथून पुढं रोज दुपारी दोन ते चार त्या यान करायला बसायच्या. हौस म्हणून नव्हे. औषधाची वेळ झाली की गोळी घ्यावी तसं. मी कधीमधी जाऊन बसायचो, चहा प्यायचो, यायचो. एका जहाजाचा सांगाडा उंदरानं टोकाला कुरतडलेला होता, म्हणून विजयसिंहानं तो टाकून दिला होता. वहिनींनी तो पालथा घातला, ते यानाचं अंग झालं. कुरतडलेल्या टोकावर तेलाच्या टाक्यांची चार तोंडं बसवली, ती इंजिनं झाली. लढाऊ विमानांच्या पोटाखाली लावायचे बॉम्ब होते, त्यांची टोकं कानशीनं घासून त्यांनी पाय केले. रणगाड्याच्या पट्ट्याचे तुकडे पाठीवर चिकटवले, जहाजाची शिडी दाराला लावली.

पहिल्यांदा बोटं चिकटली, एकदा गोंद बशीत सांडून बशी गेली. पण हात शिंपिणीचा. कुठं किती दाबायचं आणि कुठं सोडायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. अडलं ते दुसरीकडेच. उरलेल्या तुकड्यांत जोडी सापडत नाही. डावा भाग असतो तर उजवा नसतो. ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला हे कसं सोसणार, एक बाही आखूड तर गिऱ्हाईक अंगावर फेकतं. पंधरा दिवस त्या डावं-उजवं मांडत बसल्या. शेवटी डावीकडे पाणबुडीचं शेपूट आणि उजवीकडे तीन बंदुका एकत्र बांधून तितकंच जड काहीतरी, असं करून त्यांनी वजन जुळवलं. दिसायला दोन्ही बाजू वेगळ्या, पण यान कलंडत नव्हतं. मी मनापासून म्हटलं की हे झकास झालं. त्या फक्त हं म्हणाल्या.

डब्यात नऊ वैमानिक निघाले होते, बोटाच्या पेराएवढे, विजयसिंहानं कुठल्याच विमानात न बसवलेले. मी विचारलं, ह्यातला कोण चालवणार?

“कुनी न्हाय,” वहिनी म्हणाल्या आणि ते नऊच्या नऊ परत डब्यात टाकले.

दिवाळी आली, गेली. त्यांनी फराळ केला, कारण करायचा असतो. लेकीशी फोनवर बोलायच्या तेही तसंच, जेवलीस का, पाऊस हाय का, ठेवतो. मला कधी कधी भीती वाटायची. माणूस समोर बसलेलं असतं, बोलतं, उठतं, आणि आत कुणी आहे का नाही ते कळत नाही. मग मी स्वतःची समजूत घालायचो की निदान रोज दोन तास त्या कशात तरी आहेत, खरं सांगून तेवढंही कशाला काढून घ्यायचं. सोयीचा विचार असला की तो लगेच पटतो.

जानेवारीत यानाला रंग दिला, मशीनच्या अंगासारखा काळा. वर उरलेले चिकट आकडे लावले, कुठल्या कुठल्या विमानांचे. हातभर लांबीचं, बेढब आणि खरोखर कुठंतरी जाऊन आल्यासारखं ते यान फोटोशेजारी ठेवलं गेलं.

वर्षश्राद्धाला पाहुणे आले, जेवले, यानाकडे बघून अवाक झाले. थोरल्या भावानं सगळ्यांना सांगितलं की गणपतरावांनी शब्द दिला आणि वहिनींनी पाळला. हे विमान नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला जेवण गेलं नाही. चारच्या सुमाराला गर्दी पांगली. तेजस्वी आत भांडी घासत होती. बाहेर आम्ही दोघंच.

“भावजी, शब्द तुमी दिलासा,” वहिनी म्हणाल्या. “पुरा झाला म्हनायचा का न्हाय, तेवढं सांगा. वरीसभर त्यो माज्या छातीवर हाय.”

व्हय म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण बाईनं वर्ष घातलं होतं आणि त्याची पावती ती माझ्याकडे मागत होती, खोटारड्याकडे. मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. हात कापतो म्हणून त्यानंच विमान सोडलं होतं, मी उन्हाला वैतागून बोललो होतो, घरी सिलिंडर यायचा होता. देऊन टाकल्याचा दोष तुमच्याकडे काही नाही, असंही म्हटलं. आता तरी ह्या मोकळ्या होतील असं मला वाटलं.

वहिनींनी यानाचं सोडून दुसरंच विचारलं.

“हात कापत हुता?”

“व्हय.”

“कवाधरनं?”

“दिवाळीपासनं.”

वहिनी हळू बोलायला लागल्या. “दिवाळीपासनं त्येनी बशी सोडली. जलमभर बशीतनं चा पिनारा मानूस, कपानं प्यायला लागला, दोनी हातांनी धरून. म्या म्हटलं, म्हातारपनी बरं शिकलासा चारचौघांत बसायला. रोज चेष्टा केली म्या. रोज. आनि त्ये हसायचे.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तुमाला म्हाईत हुतं. वरीसभर माज्याम्होरं बसून चा पिऊन गेलासा तुमी. विमान गेलं खड्ड्यात. त्या मानसाचा हात कापत हुता आनि मला कुनी सांगितलं न्हाय.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

“उठा,” त्या म्हणाल्या. “जावा हितनं.”

मी दारापर्यंत पोचलो आणि मागं आवाज फुटला. रडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, घरात दोन मरणं बघितली आहेत, पण हे तसलं नव्हतं. आतून तेजस्वी साबणाच्या हातांनी धावत आली. समोरच्या दारात झुंबरबाई उभ्या होत्या. मला हलकं वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही. मी चपला घातल्या आणि चालायला लागलो. घरी जाऊन दार लावलं, तरी ते रडणं ऐकू येत होतं.