आरशातलं डोकं

मास्तरांना ते पहिल्यांदा दिसलं दुकानात. कोट आणि गणवेश शिवायचं त्यांचं दुकान. कपडे घालून बघायच्या खोलीत तीन आरसे होते, एक समोर आणि दोन बाजूंना तिरके, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःची पाठही दिसावी. एका दुपारी बँकेतल्या एका साहेबांच्या कोटाला टाचण्या लावता लावता मास्तरांनी मान वळवली आणि डावीकडच्या आरशात त्यांना आपले वडील दिसले. पाठमोरे, जरा वाकलेले.

वडील जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. आईने घरात त्यांचा एकही फोटो ठेवला नव्हता. पण ते डोकं मास्तरांनी हजारांत ओळखलं असतं. टाळूवर वाटीएवढी उघडी जागा, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आत सरकलेली कातडी, आणि मधे हट्टाने उरलेला केसांचा पुंजका.

"अहो मास्तर, टोचली की!" साहेब कळवळले.

मास्तरांनी माफी मागितली. उरलेल्या टाचण्या त्यांनी आरशाकडे न बघता लावल्या.

वडिलांना बाहेर कुणी वाईट म्हटलं नसतं. गोदामात मुकादम, शब्दाचे पक्के, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. घरी आल्यावर मात्र ते आवाज न चढवता मारायचे. पट्टा नीट दुमडून. बहुतेक वेळा आईलाच. मास्तर अकरा वर्षांचे असताना ते छातीच्या दुखण्याने गेले. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने रडलं नव्हतं, एवढंच मास्तरांना आठवत होतं. मास्तरांनी स्वतः लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचे, "मापाची मिळाली नाही." लोक हसायचे आणि विषय संपायचा.

आरशातली गोष्ट त्यांनी डोक्यातून काढून टाकलीही असती. पण त्याच आठवड्यात संध्याकाळी ते घरी आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आणि आईने मागे वळून पाहिलं. तिच्या हातातलं भांडं खाली पडलं. सत्तरीच्या त्या बाईने झटकन कोपर वर करून तोंड झाकलं होतं.

क्षणभरच. मग ती फडकं घेऊन खाली बसली आणि फरशी पुसू लागली. "हात ओला होता," म्हणाली.

मास्तरांचा हात आपल्या टाळूवर गेला. आपल्या मानेवर कुणाचं डोकं उगवतंय ते त्यांना कळून चुकलं होतं.

त्यांनी थोरल्या बहिणीला फोन केला. तिने हसण्यावारी नेलं. "अडतिशी आली तुझी, केस जायचेच. आणि टक्कल मामाकडून येतं म्हणतात."

"आपल्याला मामा कुठाय, ताई?"

"मग कुणावर ढकलणार? लाव काहीतरी तेलबिल."

तेलं लावून झाली. कांद्याचा रसही झाला. दोन दिवस गिऱ्हाइकं नाक मुरडत मापं देऊन गेली. शेवटी मास्तर कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी भिंगातून टाळू पाहिली, चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "घराण्यातून आलेलं आहे हे. शरीरातल्या एका संप्रेरकाने केसांची मुळं हळूहळू आक्रसतात. प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो, मग नुसती लव उरते."

"वडिलांकडूनच आलं असेल ना?"

"तसं बोट नाही ठेवता येत. आईच्या बाजूने येतं, वडिलांच्याही. बऱ्याचदा दोन्हीकडून थोडं थोडं."

"पण जाईल का?"

"मुळापासून बरं नाही होत. थोपवता येतं, काही केस परतही येतात. टाळूला लावायचं औषध आहे, गोळी आहे. गोळीचे काही जणांना त्रास होतात, ते आधी समजून घ्या. रोज घ्यावं लागेल. बंद केलंत, की काही महिन्यांत पुन्हा जिथल्या तिथे. आणि सुरुवातीला केस जास्त गळतील, घाबरू नका."

मास्तर घाबरले. पहिल्या दीड महिन्यात उशीवर, कंगव्यात, शिवायला घेतलेल्या काळ्या कापडावर केसच केस. औषध वडिलांना आणखी लवकर बाहेर काढतंय असं त्यांना वाटायचं. तरी नेटाने लावत राहिले, सकाळ-संध्याकाळ, मोजून. सहा महिन्यांनी टाळूवरची वाटी खरंच जरा भरली. कपाळाचे कोपरे होते तसेच राहिले, पण पुढे तरी सरकले नाहीत. बाई खूश झाल्या.

आई मात्र एका संध्याकाळी पुन्हा दचकली. तिने भिंतीला हात टेकला आणि डोळे मिटून घेतले.

मास्तर तिच्या समोर जमिनीवरच बसले. "आई, मी औषध लावतोय गं. जरा धीर धर."

"कसलं औषध?"

"केसांचं. मी त्यांच्यासारखा दिसायला लागलोय ना. तू घाबरतेस."

आईने डोळे उघडून त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. "केसांचं काय घेऊन बसलास? डोक्याने का कुणी मारतं?"

"मग?"

"तू येतोस आणि दारात उभा राहतोस. बोलत नाहीस. ते तसेच उभे राहायचे. काय चुकलंय ते बघत."

मास्तरांना हे ठाऊकच नव्हतं. घरात शिरताना आपण गप्प असतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? बोलायचं नाही, हेच तर कधीपासून ठरून गेलं होतं, त्या घरात.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना टक्कल होतं का गं?"

आईने आठवून पाहिलं. "काय की. त्यांची टोपी उतरलेली मी कधी बघितलीच नाही."

औषध मास्तरांनी सोडलं नाही. सवय लागली होती. पण आता ते जिन्याच्या खालच्या पायरीपासूनच बोलायला लागतात. "आई, मी गं. आज काय उकडतंय! तो बँकवाला साहेब पुन्हा आला होता, पोट वाढलंय त्याचं." शेजारीण म्हणते, मास्तर हल्ली एकटेच बडबडतात. म्हणू दे. वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत आतून बहुतेक वेळा "ये" येतं. एखाद्या दिवशी येत नाही. त्या दिवशी मास्तर चपला न काढता बाहेरच थांबतात आणि बोलत राहतात, हवेविषयी, दोऱ्यांच्या रंगाविषयी, सुचेल ते, ती "ये" म्हणेपर्यंत.