वरीलप्रमाणे अकरा

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे ‘मोजणीबाई’ म्हणत, आणि ते बाईंना ठाऊक होतं. जिना चढताना पायऱ्या मोजायच्या, पाऊस आला की पत्र्यावरचे थेंबही मोजतील की काय असं वाटायचं. मी शाळेचा कारकून. तेवीस वर्षं एकाच टेबलाशी नोंदी करतोय, पण इतकी खरी नोंद करणारं माणूस दुसरं पाहिलं नाही. एकदा वर्गातला तापमापक बिघडला, तर त्या दिवसाच्या रकान्यात त्यांनी सरळ लिहिलं, ‘माहीत नाही’. मुख्याध्यापक चिडले. बाई म्हणाल्या, “मग काय, मनाचं लिहू?”

अशा बाईंना मी खोटं करायला लावलं. म्हणून तर हे सांगायला बसलोय.

शाळेच्या मागे तळं आहे. शाळांना परिसर-शिक्षणासाठी अनुदान देणारं एक कार्यालय आहे. बाईंनी तिथे अर्ज केला आणि तो चक्क मंजूर झाला. अट अशी, की बारा मुलांच्या गटाने शंभर दिवस, एकही खाडा न करता, रोज सकाळी तळ्यावर जायचं आणि तीन गोष्टी लिहायच्या: खुणेच्या काठीवर पाणी किती बोटं, बगळे किती, हजर मुलं किती. पहिल्या हप्त्यात दुर्बिणी आल्या. दुसऱ्यात तळ्याकाठी मुलांसाठी छोटी प्रयोगशाळा होणार होती. बाईंची नऊ वर्षांची लेक याच गटात. आईच्या वरताण! ‘हा बगळा आधीच मोजलाय’ म्हणून आईशीच भांडायची.

नव्वदाव्या दिवशी पत्र आलं. कार्यालयाचं वर्ष संपतंय, शंभर दिवसांचा पूर्ण अहवाल उद्याच हवा, नाहीतर हप्ता गेला. आता या शहाण्यांना कोण सांगणार, की उद्या एक्क्याण्णवावा दिवस आहे? बाईंनी फोन केला. पलीकडचा माणूस म्हणाला, “सगळ्याच शाळा पाठवतात हो.”

“बाई, भरून टाका,” मी म्हणालो. “दहा दिवसांचा तर प्रश्न. बगळे काय तक्रार करायला येणारेत?”

बाईंनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. शेवटी म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुम्हीच लिहा. माझा हात चालत नाही.”

मी मजेत लिहीत सुटलो. पाणी रोज अर्धं बोट उतरवलं. बगळे सात, चार, पाच. चौथ्या दिवशी शून्य, जरा खरं वाटावं म्हणून. मुलं बारा, बारा, बारा... रोज बारा कशी असतील? सत्त्याण्णवाव्या दिवशी अकरा टाकलं. पुढे कंटाळा आला. कारकुनी सवयीने खालच्या तिन्ही ओळींत ‘वरीलप्रमाणे’ लिहून मोकळा झालो. बाईंनी सही केली.

दुसऱ्या दिवशी बगळे सात निघाले. बाईंना हसूच आलं. “भाऊसाहेब, तुमची जीभ काळी आहे की काय?” त्याच्या दुसऱ्या दिवशी चार, पाणी अर्धं बोट खाली. मग पाच. आता बाई हसेनात.

चौथ्या दिवशी मीही बरोबर गेलो. तळ्यावर एक बगळा नव्हता. बगळाच काय, बेडूक नाही, चिलट नाही, पाणी जरासुद्धा हलत नव्हतं. एरवी कलकलाट करणारी बारा मुलं गुपचूप उभी होती. लेक हळूच म्हणाली, “आई, ते गेले नाहीत. कुठूनतरी आपल्याला मोजतायत.”

शाळेत येताच बाईंनी अहवालाची आपल्याकडे ठेवलेली स्थळप्रत मागितली. रकान्यावरून बोट फिरवत त्या सत्त्याण्णवाव्या ओळीवर थांबल्या.

“अकरा. कोण नाही, भाऊसाहेब?”

“अहो, मी आपलं असंच—”

“असंच कोण नाही?”



पुढचे दोन दिवसही आकडे जुळले. सत्त्याण्णवाव्या सकाळी बाई घरोघरी फिरल्या आणि एकेका मुलाला हाताला धरून घेऊन आल्या. फाटकातून बारा जण निघाले. मी दोनदा मोजले. वाटेत लेक मटकन खाली बसली, “आई, थंडी वाजते” म्हणाली आणि तिने डोळे मिटले. बाई तिला उचलून दवाखान्याकडे धावत सुटल्या. बाकीच्यांना मी तळ्यावर नेलं, हजेरी घेतली. अकरा.

ताप चढेना की उतरेना. डॉक्टरांना कारण सापडेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेलो, तर पोर डोळे मिटून पडलेली, आणि खाटेच्या पायाशी ताप लिहायचा तक्ता. पहिल्या ओळीत आकडा होता. त्याखाली नर्सने लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. त्याखाली पुन्हा तेच.

बाईंनीही तो वाचला होता. “शंभरानंतर काय लिहिलंय तुम्ही?”

“काही नाही, बाई. अहवाल तिथे संपतो.”

“आणि माझी पोर?”

नव्व्याण्णवाव्या दिवशी सकाळी आजीला पोरीजवळ बसवून बाई अनुदान कार्यालयात गेल्या. मी मागोमाग. तिथल्या मॅडम स्वभावाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, “अहो, अहवाल मंजूर झालाय. कशाला उकरून काढता? नोकरीवर येईल.” बाईंनी कागद पुढे सरकवला. ‘शेवटच्या दहा दिवसांच्या नोंदी मी खोट्या केल्या,’ असं त्यांनी त्यावर स्वतःच्या नावाने लिहिलं होतं.

“अक्षर माझं आहे,” मी म्हणालो.

“सही माझी आहे,” बाई म्हणाल्या. “रद्द करा.”

“दहाच दिवस रद्द करता येत नाहीत, बाई. सगळा अहवाल जाईल. खरे नव्वद दिवससुद्धा.”

त्या नव्वद सकाळी बाईंनी किती जपल्या होत्या, मला माहीत होतं. मग त्या म्हणाल्या, “जाऊ द्या.”

मॅडमनी अहवालावर ‘रद्द’चा शिक्का मारला. सवयीने बाईंनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

दवाखान्यात आलो तेव्हा लेक उशीला टेकून बिस्किट खात होती. नर्स म्हणाली, “अकरा-वीसला उठून पाणी मागितलं की हो हिने! मी वेळ लिहूनच ठेवली.” मी बाहेरच्या बाकावर जाऊन ढसाढसा रडलो, कोण बघतंय याची लाज वाटली नाही.

शंभराव्या सकाळी पोर ऐकेचना, म्हणून बाईंनी तिला कडेवर घेऊन तळ्यावर नेलं. मुलं बारा. बगळा एकही नाही.

त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या तळ्यावर एकही बगळा उतरलेला नाही. आसपासच्या शेतांत उतरतात, आमच्या कौलांवर बसतात, तळं मात्र ओलांडून जातात. कोणी म्हणतं पाणी बिघडलं, कोणी म्हणतं हवा बदलली. दुर्बिणी परत गेल्या, प्रयोगशाळा झाली नाही, बाईंची बढती अडली ती अडलीच. तरी रोज सकाळी त्या नव्या बारा मुलांना घेऊन जातात. लेकही शाळेला जाण्याआधी येते, डोळ्यांना मुठी लावून आभाळात बघत राहते.

वही संध्याकाळी माझ्या टेबलावर येते. बगळे शून्य, मुलं बारा. रोज तेच, तरी बाई प्रत्येक ओळ पुरी लिहितात. बारा लिहिताना पेन जरा जास्तच दाबतात. पान उलटलं की मागच्या बाजूने तो आकडा बोटाला लागतो.