तुसाची राख आणि आमचे दाजी

आमच्या दाजींइतका राखेवर जीव असलेला माणूस उभ्या नांदेड जिल्ह्यात सापडायचा नाही. सापडलाच तर तो जटाधारी साधू असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, देगलूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. राईस मिलबाहेर कुणी तुसाची राख फेकताना दिसलं की स्कूटर थांबवून भांडायला उभे. "अरे, सोनं फेकून राहिलात!" त्या राखेतल्या सिलिकापासून ते बोटभर जाडीच्या, पापडासारख्या हलक्या पाट्या बनवतात. वरून जाळ लावा, खाली ऊब पोचत नाही. सुरुवातीला राख ताईच्या मिक्सरमधून निघायची, आणि मग शेंगदाण्याची चटणी दाताखाली करकर वाजायची. ताई चिडली तर म्हणाले, "सिलिका हाय, काही होत न्हाई." नवा मिक्सर ती कुलपात ठेवते.

पाहुणे दिसले की यांना चेवच येतो. माझ्या साखरपुड्यात यांनी तळहातावर लोण्याचा गोळा ठेवला, त्यावर पाटी, आणि पाटीवर सोनाराकडून आणलेल्या टॉर्चचा भगभगता जाळ! सासूबाई किंचाळल्या. लोणी मात्र जसंच्या तसं. सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "घराण्यात अजून कुणी असं हाय का?"

बिलोलीकडच्या एका खेड्यात ताईची मैत्रीण अंगणवाडी चालवते, पत्र्याच्या खोलीत. गेल्या उन्हाळ्यात दोन पोरं भोवळ येऊन पडली आणि आईबापांनी पोरं पाठवणंच बंद केलं. पोरं आली नाहीत तर अंगणवाडी मोडणार होती. दाजींनी साऱ्या सुट्ट्या घालवून पत्र्याखाली पाट्या बसवल्या. गाव हसलं. "राखेनं कुठं ऊन अडतंय व्हय?" मग हा माणूस भर एप्रिलात, दुपारी बारा वाजता, स्वेटर घालून आत जाऊन बसला. मी हात जोडले, "दाजी, जिवाशी खेळू नका." ऐकतील तर ते दाजी कसले! तीन वाजता बाहेर आले. एका म्हातारीनं सरळ कॉलरमध्ये हात घातला. "आगं माय, मास्तर कोरडा हाय की!"

दुसऱ्याच दिवशी पोरं आली. दुपारी मी गेलो, तर दाजी बाहेर उन्हात, दार ओढून धरून उभे, घामानं निथळत. दाराची कडी मोडली होती.

"दार सुटलं की गरम हवा आत जाते," ते हळूच म्हणाले. "पोरं झोपलीत."

मी पुढं होऊन दाराला हात लावला. म्हटलं, "सरका दाजी, मी धरतो." ते लिंबाखाली जाऊन बसले खरे, पण दर पाच मिनिटांनी तिथून हळू आवाजात विचारत होते, "झोपलीत ना?"