मंजुळाचा डावा पाय

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तरी मध्येच उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा निपाणीचे, बंगळूरला कारखान्यात नोकरीला. आम्ही येलहंक्याला राहायचो. मी कॉलेजात होते आणि उंच उडी मारायचे. बरी मारायचे — बरी, एवढंच. मंजुळा माझ्याहून लहान. पार आनेकलहून बसने यायची. मला अक्का म्हणायची. ती उडी मारायची तेव्हा बाकीचे आपापला सराव थांबवून बघायचे. मीही बघायचे. काय वाटायचं? आनंद वाटायचा. आणि हेवाही वाटायचा. दोन्ही एकदम — असं होतं ना?

आमचे सर उडीआधी आम्हाला गवतावर आडवं व्हायला सांगायचे. डोळे मिटा आणि अख्खी उडी मनात मारा. धाव, वळण, टेकऑफ, पाठीखालून सरकणारा बार, मग गादी. "नुसतं बघू नका, पायाला कळू दे," म्हणायचे. मला ते कधी धड जमलं नाही. माझं मन मध्येच भलतीकडे पळायचं. मंजुळाला मात्र इतकं जमायचं की पडल्या पडल्या तिची पोटरी थरथरायची. तिला आत जे दिसायचं, तेच तिचं अंग बाहेर करायचं. हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

राज्याच्या संघाची निवड होती. आमच्यातली एकच मुलगी जाणार होती. मंजुळा माझ्या शेजारी गवतावर पडली होती, डोळे मिटून. मी तिच्याकडे कलले आणि कानडीत, अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले, "मंजू, टेकऑफला तुझा डावा पाय घसरतोय हल्ली. जप हं."

तिचा पाय कधीच घसरत नव्हता.

तिने डोळे उघडले. "खरंच, अक्का? सर काही बोलले नाहीत."

"सरांना तिथून दिसत नाही. मी बघते ना."

तिने पुन्हा डोळे मिटले. कपाळावर आठी उमटली. आता तिला आत काय दिसतंय, ते मला कळत होतं. मी उठले आणि मैदानाच्या कडेने चालत सुटले — उगाच, भरभर. परत जाऊन सांगता आलं असतं. चेष्टा केली ग, एवढंच. का नाही सांगितलं?

तिचं नाव पुकारलं. ती धावली, वळली — आणि बारसमोर थांबली. पुन्हा धावली, पुन्हा थांबली. शेवटच्या संधीला छातीनेच बार घेऊन गादीवर कोसळली. सर सगळ्यांसमोर ओरडले, "भित्री आहेस तू!" ती रडत आली ती माझ्याच गळ्यात पडली. मी तिची पाठ थोपटली.

संघात मी गेले. तिथे काही दिवे लावले नाहीत, पण त्या निवडीवर पुढे मला बँकेत नोकरी लागली. मंजुळा काही महिने येत राहिली. दर वेळी धावायची, आणि दर वेळी बारसमोर पाय थिजायचे. सर भित्री म्हणायचे, मी ऐकत उभी असायचे. मग ती यायचीच बंद झाली.

मध्ये कितीतरी वर्षं गेली. मागच्या वर्षी बनशंकरीच्या देवळाबाहेर कुणीतरी "अक्का!" म्हणून दंड धरला. तीच. सोबत मुलगी होती. मुलीला म्हणाली, "या अक्कांनी मला फार सांभाळलं. माझी चूक यांनाच तेवढी दिसली होती." मग माझ्याकडे वळून, जरा लाजत — "एक विचारू? तो पाय खरंच घसरायचा?"

तेव्हा मला कुणी अडवलं होतं? नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. माझ्याकडून कोणी काही काढून घेणार नव्हतं.

"स्वल्प," मी कानडीत म्हणाले. थोडासा.

तिने मान हलवली. मग हातातला मोगऱ्याचा गजरा मधोमध तोडला आणि अर्धा माझ्या केसांत माळू लागली. तिला नीट माळता यावा म्हणून मी मान वाकवली.